गेमिंग पीसी: रेडीमेड घ्यायचा की असेंबल करायचा?

बारावीचा निकाल लागला की मला एक फोन हमखास येतो. "काका, सत्तर हजारांत गेमिंग पीसी बसवायचाय. रेडीमेड घेऊ की असेंबल करू?" मी उलट विचारतो, "बंद पडला तर कुठं नेणार?" पलीकडं सगळं गार. पुण्या-मुंबईत हा प्रश्न शेवटी विचारला तरी चालतो, कोल्हापुरात तो पहिल्यांदा विचारावा लागतो. पण आधी थोडी आकडेमोड.

पायरी १: गेम आणि मॉनिटर ठरवा

व्हॅलोरंटसारखा हलका गेम खेळणाऱ्याला आणि सायबरपंकसारखा जड गेम खेळणाऱ्याला एकच मशीन सुचवणारा दुकानदार तुमचा नव्हे, त्याच्या स्टॉकचा विचार करतोय. १०८०पी (फुल एचडी) मॉनिटरवर खेळायचं असेल तर आरटीएक्स ४०६० च्या दर्जाचं, ८ जीबीचं ग्राफिक्स कार्ड (गेमचं चित्र तयार करणारा पार्ट) बऱ्याच गेमना पुरतं. १४४०पी, म्हणजे त्याहून बारीक चित्र, हवं असेल तर कार्डाचं बजेट वाढवा, प्रोसेसरचं नको. मॉनिटर, कीबोर्ड, माऊस आणि यूपीएसचे पैसे आधीच बाजूला काढा. सत्तर हजार म्हणजे सगळे सत्तर हजार सीपीयूच्या डब्यात जात नाहीत.

पायरी २: यादी करून बेरीज मांडा

प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड, एसएसडी (साठवणीची डिस्क), एसएमपीएस (सगळ्यांना वीज पुरवणारा डबा), कॅबिनेट, कूलर. राजारामपुरी-शाहूपुरीकडच्या दोन दुकानांतून आणि एका ऑनलाइन साइटवरून प्रत्येकाचा भाव लिहून घ्या. भाव १८ टक्के जीएसटी धरून आहे का, ते विचाराच. बिलाशिवाय स्वस्त मिळतंय म्हणून भुलू नका. वॉरंटी त्या बिलावरच उभी असते. यादीत विंडोजचं लायसन्सही धरा. रेडीमेड मशीनमध्ये ते बहुधा आलेलं असतं, असेंबलवाला मात्र "विंडोज टाकून देतो" म्हणतो आणि ती विंडोज कुठली हे कोणी विचारत नाही.

असेंबल म्हणजे स्वस्त, असं डोळे झाकून धरू नका. २०२१ च्या आसपास क्रिप्टो मायनिंगमुळं ग्राफिक्स कार्डांचे भाव आभाळाला भिडले होते, तेव्हा आख्खं रेडीमेड मशीन घेणं परवडत होतं. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी वाढवली आणि रॅम भडकली. अशा वेळी जुन्या भावात भरलेला रेडीमेड माल एखाद्याकडं पडून असतो. बेरजेतला फरक पाच-सात हजारांच्या आत असेल तर पैशाचा मुद्दा माझ्यापुरता संपला, पुढच्या पायऱ्यांवर निर्णय करा.

पायरी ३: रेडीमेडचं झाकण उघडा

जाहिरातीत प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाची नावं ठळक असतात. काटकसर झालेली असते ती बाकीच्या ठिकाणी. एसएमपीएस कुठल्या कंपनीची, किती वॅटची? उत्तर "५०० वॅट आहे की" एवढंच आलं तर सावध व्हा. कॅबिनेटसोबत फुकट येणाऱ्या बिननावाच्या एसएमपीएसवर गेमिंग कार्ड चालवणं म्हणजे लुनाच्या इंजिनावर ट्रॅक्टर ओढणं. ८० प्लस ब्राँझचा शिक्का असलेली, नावाजलेल्या कंपनीची, पाच वर्षं वॉरंटीची घ्या. हा शिक्का वीज किती वाया जाते ते सांगतो, टिकाऊपणा नव्हे, म्हणून वॉरंटीचं सांगतोय.

१६ जीबी रॅम एकाच पट्टीत आहे की ८-८ च्या दोन? दोन असतील तर ड्युअल चॅनल (दोन्ही पट्ट्या एकदम वापरणं) चालतं आणि गेममध्ये फरक दिसतो. शिवाय काही ब्रँडेड डेस्कटॉपमध्ये मदरबोर्ड आणि एसएमपीएस त्यांच्याच मापाचे असतात. तीन वर्षांनी कार्ड बदलायला गेलात की बाजारातली एसएमपीएस आत बसत नाही. असेंबलमध्ये हे दुखणं नाही. एएमडी कंपनीचा एएम४ सॉकेट (मदरबोर्डवरची प्रोसेसर बसायची जागा) २०१६ चा, तरी २०२४ मध्येही त्यावर नवे प्रोसेसर आले. आज घेत असाल तर त्याच्या पुढच्या एएम५ सॉकेटकडं बघा. मात्र त्याला डीडीआर५ या नव्या पिढीची रॅमच लागते.

पायरी ४: बंद पडला तर?

ब्रँडेड मशीनला ऑनसाइट वॉरंटी असेल तर माणूस घरी येतो. पण "ऑनसाइट" म्हणजे कोल्हापुरात ऑनसाइट का, हे लेखी घ्या. मी एकदा लेखी न घेता मशीन आणलं आणि दुरुस्तीला पुण्याला कुरियर करायची वेळ आली. आख्खा पीसी थर्माकोलमध्ये गुंडाळताना जी चिडचिड झाली ती अजून आठवते.

असेंबलमध्ये प्रत्येक पार्टची वॉरंटी वेगळी: प्रोसेसर आणि कार्ड बहुधा तीन वर्षं, चांगली एसएमपीएस त्याहून जास्त. एकच पार्ट पाठवावा लागतो, ही सोय. कुठला पार्ट गेलाय हे तुम्हालाच शोधायचं, ही गैरसोय. उद्यमनगरात लेथवर हात बसलेल्या घरातल्या पोराला यात मजा वाटेल. बाकीच्यांनी स्वतःला खरं उत्तर द्यावं.

म्हणून बहुतेकांना मी मधला रस्ता सांगतो: पार्ट तुम्ही निवडा, जोडणी गावातल्या दुकानात, समोर बसून करून घ्या. जोडणावळ थोडीच जाते, आणि काही झालं तर डबा रिक्षात घालून नेता येतो. खोकी आणि बिलं जपा, सीरियल नंबरांचे फोटो काढा. ऑनलाइन मागवलं तर पार्सल उघडताना व्हिडिओ करा.

पायरी ५: घराकडं बघा

शिवाजी पेठेतल्या, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांत अर्थिंग तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी वायरमन, मग पीसी. जळलेला पार्ट वॉरंटीत बसत नाही. ६०० व्हीएचा साधा यूपीएस ३६० वॅटच्या आसपासच देतो. पायरी १ मधलं ४०६० चं मशीन त्यात कसंबसं बसतं, मोठ्या कार्डाला मोठा घ्या. नदीकडच्या भागात तळमजल्यावर राहत असाल तर पीसी जमिनीवर ठेवू नका, २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर हे वेगळं सांगायला नको.

पायरी ६: पहिल्या संध्याकाळी

मशीन कुठलंही असो, मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाला लावा, मदरबोर्डला नव्हे. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी किंवा एक्सपो नावाची रॅमच्या वेगाची सेटिंग चालू करा, नाहीतर रॅम कमी वेगानं चालत राहते. आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो (हर्ट्झ), ते बघा. माझ्या भाच्यानं १४४ हर्ट्झचा मॉनिटर सहा महिने ६० वर चालवला, आणि वर मलाच ऐकवत होता, "मामा, एवढं महागाचं घ्यायला लावलंस, काय फरक पडंना झालाय."