जुन्या गाडीचं आयडलिंग वर-खाली होतंय? या चुका टाळा

आयडलिंगची, म्हणजे पाय रेसवर नसताना इंजिन ज्या वेगाने चालतं त्याची, तक्रार घेऊन गाडी गॅरेजला गेली की तीन गोष्टी जवळपास ठरलेल्या असतात. प्लग बदलायचे, थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) धुवायची आणि तरीही नाही जमलं तर स्क्रू फिरवून स्लो (म्हणजे हेच आयडलिंग) थोडा वाढवून द्यायचा. यातलं काहीतरी कधीकधी लागू पडतंही. नाही पडलं तर मग सेन्सरची पाळी येते. एकेक सेन्सर बदलत बिल वाढतं आणि आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांचा, काटा मात्र पूर्वीसारखाच नाचत राहतो.

हे लिखाण मुख्यतः २००० ते २०१० च्या दरम्यानच्या, इंजेक्शन असलेल्या (कार्बोरेटरऐवजी कॉम्प्युटरच्या हिशेबाने पेट्रोल फवारणाऱ्या) पेट्रोल गाड्यांबद्दल आहे: ८०० एमपीएफआय, अल्टो, झेन, वॅगनआर, सँट्रो वगैरे. कार्बोरेटरवाल्यांसाठीही मध्ये थोडं आहे.

चूक पहिली: कोणता पार्ट गेला, हे आधी विचारणं

आधी विचारायचं ते ‘कधी’. सकाळी थंड असताना, की गरम झाल्यावर? एसी लावला की? हेडलाइट आणि ब्लोअर एकदम चालू केले की? ब्रेक दाबला की? या उत्तरांवर निम्मं निदान होतं, आणि त्याला एक रुपया लागत नाही.

थंड असताना नीट आणि गरम झाल्यावर बिघडत असेल, तर एक वाट; ती शेवटी, टॅपेटपाशी येईल. फक्त एसी लावल्यावर गाडी मान टाकत असेल तर दुसरी: एसीचा भार आला की जास्त हवा सोडायचं काम आयडल व्हॉल्व्हचं असतं, आणि तो कार्बनने अडकलेला असू शकतो. लाइट लावल्यावर आयडलिंग पडत असेल तर बॅटरीच्या टोकांवर मीटर लावा. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. कमी असतील तर अल्टरनेटर, बेल्ट आणि इंजिनाची अर्थिंगची पट्टी पाहा. ब्रेक दाबल्यावर आरपीएम बदलत असेल किंवा पायाशी ‘स्स्स’ ऐकू येत असेल, तर ब्रेक बूस्टर हवा गळतोय. हे मात्र टाळू नका, कारण तो प्रश्न आयडलिंगपुरता उरत नाही.

आणि आयडलिंग खरंच हलतंय का, हेही बघून घ्या. गाडी थडथडते पण आवाज एकसारखा आहे, असं असेल तर इंजिन माउंटिंग (इंजिनाखालचे रबरी आधार) बसलेलं असू शकतं. ८०० मध्ये आरपीएमचा काटाच नाही, त्यामुळे तिथे कानावर भिस्त. शिवाय तीन सिलिंडरचं इंजिन स्लोला थोडं हलणारच.

चूक दुसरी: स्क्रू फिरवणं

कार्बोरेटरच्या गाडीत स्लो स्क्रूने सेट करायचा असतो, तो हक्काचा मार्ग. इंजेक्शनच्या गाडीत थ्रॉटलपाशी जो स्क्रू दिसतो तो थ्रॉटल किती बंद व्हावा याची मर्यादा ठरवतो. कंपनीतून तो लावून येतो, बऱ्याचदा त्यावर रंगाचा ठिपकाही असतो. तो फिरवला की थ्रॉटल थोडा उघडा राहतो, थ्रॉटल सेन्सर ‘पाय रेसवर आहे’ असं सांगायला लागतो आणि ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, आयडलिंग सांभाळायचं सोडून देतो. मूळ दोष तसाच राहतो, वर एक नवा येऊन बसतो. जुनी गाडी विकत घेतली असेल तर ठिपका तुटलाय का ते आधी पाहा. तुमच्या आधीच्या मालकाच्या मेकॅनिकने हा पराक्रम केलेला असण्याची शक्यता भरपूर.

चूक तिसरी: व्हॅक्यूमचे पाइप वरवर बघून ‘ठीक आहेत’ म्हणणं

आरपीएम ठरावीक लयीत वर-खाली होतो, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेत गाडी ‘हंटिंग’ करते, तेव्हा माझा पहिला संशय हवेच्या गळतीवर असतो. इंजिनात थ्रॉटलला वळसा घालून हवा शिरते. ईसीएम आयडल व्हॉल्व्ह पूर्ण बंद करतो, तरी आरपीएम वरच. थ्रॉटल बंद आणि आरपीएम जास्त म्हणजे गाडी उतारावर असणार, असं समजून तो पेट्रोल तोडतो. आरपीएम धाडकन पडतो, पेट्रोल पुन्हा सुरू होतं, काटा पुन्हा चढतो. ही लय तासन्‌तास चालू शकते.

इथे एक फरक लक्षात ठेवा. त्या काळच्या मारुतीच्या बऱ्याच छोट्या इंजिनांत हवा थेट मोजत नाहीत, मॅनिफोल्डमधल्या (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या पाइपांमधल्या) दाबावरून हिशेब करतात. म्हणून त्यांत छोट्या गळतीने मिश्रण पातळ होऊन गाडी बंद पडण्यापेक्षा आयडलिंग चढतं. हवा थेट मोजणाऱ्या गाड्यांत उलट, ती मिसिंग करते, म्हणजे एखादा सिलिंडर पेट घेत नाही, आणि बंद पडते.

गळती शोधताना सगळ्यात जास्त फसवतो तो टॅपेट कव्हरवरून मॅनिफोल्डकडे जाणारा पीसीव्हीचा (इंजिनातली ऑइलची वाफ परत ओढून घेणारा) वाकडा पाइप. वरून बघाल तर काळाभोर, धडधाकट. बोट खालच्या बाजूने फिरवा. ऑइलच्या वाफेने रबर तिथे मऊ, चिकट झालेलं असतं, आणि वळणाच्या पोटात नखभर चीर असते. इंजिन चालू ठेवून असे पाइप एकेक करून पकडीने, मध्ये कापड घालून, हलकेच चिमटा. ज्या पाइपला चिमटल्यावर आयडलिंग एकदम बदलतं, त्याच्या पुढेच कुठेतरी गळती आहे. पावसाळाभर उभ्या गाडीत उंदराने कुरतडलेले बारीक पाइपही बघा. गरम इंजिनावर पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर फवारून गळती शोधायची पद्धत सर्रास चालते. सायलेन्सरचा मॅनिफोल्ड बाजूलाच तापलेला असतो, तेव्हा ती नकोच. साध्या पाण्याचा फवारा जोडांवर मारला तरी फरक कळतो, फक्त कॉइल आणि वायरिंगपासून लांब.

आता पेट्रोलचं. २०२५ पर्यंत आपल्याकडे पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल २० टक्क्यांवर गेलं. जुन्या गाड्यांचे रबर पाइप आणि कार्बोरेटरमधले सील या मिश्रणासाठी बनवलेले नाहीत. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं, त्यामुळे महिनोन्‌महिने उभी असलेली गाडी चालू करून आयडलिंगचं निदान करायला बसू नका. आधी ताजं पेट्रोल. कार्बोरेटरच्या गाडीत रेस दिल्यावर छान चालते पण स्लोला बंद पडते, असं असेल तर स्लो जेटमध्ये कचरा किंवा पेट्रोल तोडणारा सोलेनॉइड, हे दोन आधी तपासा.

चूक चौथी: थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे न सोडणारी झडप) काढून टाकणं

ही आपल्याकडची खास. ‘गाडी तापत होती, थर्मोस्टॅट काढून टाकलाय, आपल्या हवामानात लागत नाही.’ लागतो. तो नसेल तर इंजिन ठरलेल्या तापमानाला उशिरा पोचतं, हायवेवर तर पोचतच नाही. ईसीएमला वाटतं इंजिन अजून थंड आहे; तो पेट्रोल जास्त देतो, आयडलिंग वर ठेवतो. मालक ॲव्हरेज पडलं म्हणून इंजेक्टर साफ करत बसतो.

याच कुटुंबातला दुसरा दोष कूलंट सेन्सरचा. तापमान वाढेल तशी त्याचा विद्युतरोध (ओहममध्ये) कमी व्हायला हवा: थंड असताना दोनेक हजार, ८० अंशांना तीनशेच्या आसपास. साध्या मल्टिमीटरने तपासता येतो. आणि कूलंट फक्त बाटलीत बघू नका. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडून बघा. काही गाड्यांत थ्रॉटल बॉडीतला जास्तीच्या हवेचा मार्ग कूलंटच्या उष्णतेने बंद होतो. कूलंट कमी असेल किंवा हवा अडकली असेल, तर तो उघडाच राहतो आणि गाडी हंटिंग करते. कित्येकदा लिटरभर कूलंटने हे मिटतं.

चूक पाचवी: थ्रॉटल धुऊन लगेच निकाल लावणं

साफसफाई वाईट नाही, घाई वाईट. आयडल व्हॉल्व्हचा दांडा हाताने ओढू किंवा दाबू नका, आतली बारीक चक्रं जातात. सेन्सरवर फवारा नको. धुतल्यावर आयडलिंग थोडा वेळ चढलेलं राहू शकतं, कारण ईसीएम जुन्या कार्बनचा हिशेब धरून बसलेला असतो. थोडं चालू द्या, मग ठरवा.

चूक सहावी: प्लगची वायर ओढून मिसिंग शोधणं

कार्बोरेटरच्या काळातली सवय. इंजेक्शनच्या गाडीत यात झटका बसतो, कॉइलवर ताण येतो आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतो. त्याऐवजी इंजेक्टरचं कनेक्टर एकेक काढा. ज्याचं काढल्यावर आयडलिंगमध्ये काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीपासूनच काम करत नव्हता.

पीयूसीची पावतीही फुकट मिळालेला रिपोर्ट आहे, मशीनची नळी खरोखर सायलेन्सरमध्ये घातली असेल तर. सीओ (कार्बन मोनॉक्साइड) जास्त म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. सीओ कमी आणि एचसी (न जळलेलं पेट्रोल) भरपूर, तर मिसिंग किंवा पातळ मिश्रण.

सिलिंडर सापडला, प्लग, वायर आणि इंजेक्टर ठीक निघाले, तर कम्प्रेशन तपासा. सिलिंडरांमध्ये साधारण एक किलोपेक्षा (दर चौरस सेंटीमीटरला) जास्त फरक नको. आणि गाडी सीएनजी किंवा एलपीजीवर चालत असेल, तर त्याआधी टॅपेट (व्हॉल्व्ह दाबून उघडणारे भाग) तपासा. गॅसवर व्हॉल्व्हची सीट लवकर झिजते, व्हॉल्व्ह आत सरकतो आणि टॅपेटचा गॅप भरून येतो. मग गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नाही. सकाळी गाडी छान, दुपारी सिग्नलला मिसिंग. ८०० आणि अल्टोच्या ७९६ सीसी इंजिनात हा गॅप स्क्रूने सेट होतो, तासाभराचं काम आहे. गॅसच्या जुन्या गाडीत टॅपेट अजिबात वाजत नसतील तर खूश होऊ नका, कव्हर उघडून फीलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) घाला.