खिशात हात जायला कारण पाहिजे

दिवसा मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅच बघतो. लग्नसराईत आणि हुरड्याच्या दिवसांत टेबलाटेबलाशी जाऊन जादू करतो. नवीन पोरं हमखास विचारतात, "दादा, नाणं हातात लपवायचं कसं?" लपवणं आठ दिवसांत जमतं. अडतं ते पुढं. नाणं हातात आलं की माणूस साध्या माणसासारखा वागेनासा होतो.

आधी रिकामा हात सैल सोडा आणि आरशात बघा. बोटं आपोआप थोडी वळलेली असतात, अंगठा तर्जनीजवळ निवांत असतो. आता दहाचं नाणं घ्या. २७ मिलिमीटर व्यासाचं आणि साधारण ७.७ ग्रॅम वजनाचं, आपल्या हाताला बेतशीर. मधलं बोट आणि अनामिका मुळाशी जिथं वळतात, तिथं ते ठेवा आणि हात पुन्हा तसाच दिसेपर्यंत सोडा. याला फिंगर पाम म्हणतात. बहुतेकांचा अंगठा इथं काठीसारखा ताठ उभा राहतो, आणि चोरी तिथंच कळते.

मग त्या हाताला काम द्या. मी महिनाभर नाणं हातात ठेवून डिलिव्हरी चलनांवर सह्या केल्या, चहा प्यालो, टॉवेल डझनावारी मोजले. नाणं फरशीवर खणकन पडलं की घड्या घालणाऱ्या बायका हसायच्या, "पडली बघा दक्षिणा!" एके दिवशी घरी आलो, बायकोच्या हातातली भाजीची पिशवी घेतली, ओट्यावर ठेवली, आणि नाणं अजून हातातच आहे हे मग लक्षात आलं. त्या आठवड्यापासून टेबलावर न्यायला लागलो. तिथंही तेच करायचं: वाटी सरकवा, पत्ते सारखे करा. एका हातात दोन नाणी मात्र नकोत, ती बोलतात, म्हणजे एकमेकांवर वाजतात.

हवामानाचं कुणी सांगत नाही, म्हणून सांगतो. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४३ च्या पुढं जातो. घामानं नाणं उलट छान धरलं जातं. हुरड्याच्या थंडीत कातडी कोरडी पडते आणि ते निसटतं. तेव्हा तासभर आधी ग्लिसरीनचा एक थेंब दोन्ही तळव्यांना चोळायचा. थंब टिपचं याच्या नेमकं उलट. ती प्लॅस्टिकची अंगठ्याची टोपी, जिच्यात रुमाल लपवतात, घामानं सुटते.

माझी सुटली होती. मे महिन्यातलं लग्न, अंगात कोट, पंखा लांब. लाल रुमाल गायब केला, हात झटकला आणि टोपी थेट शेंगा चटणीच्या वाटीत! समोरच्या आजी किंचाळल्या, "अगं बाई, ह्यांचं बोट पडलं!" मी ते "बोट" उचललं, तेलासकट खिशात टाकलं आणि "पुन्हा उगवेल" म्हणालो. चटणीच्या तेलाचा डाग कोटाच्या अस्तरावर अजून आहे. तेव्हापासून दर दोन टेबलांनंतर बाजूला जाऊन अंगठा कोरडा पुसतो आणि टोपी जराशी घट्टच वापरतो. टोपी दिसू नये म्हणून अंगठा आडवा दाखवायचा नाही. त्याचं टोक समोरच्याच्या डोळ्यांकडं ठेवायचं, म्हणजे जोड आणि लांबी दोन्ही लपतात. बाजारातली टोपी बहुधा गुलाबी असते. माझ्या रंगाला ती शोभत नाही, म्हणून मी रंगवून घेतो.

आता खिसा. पोरं इथं सगळ्यात कमी मेहनत घेतात. लहानपणी गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत वाट्या-गोळ्यांचा खेळ करणारा एक जादूगार बघितला होता. तो दर वेळी भस्माची चिमूट घ्यायला झोळीत हात घालायचा. चिमूट वाटीवर पडायची आणि शेवटी वाटीखालून लिंबू निघायचं. लिंबू चिमटीच्या निमित्तानं झोळीतूनच यायचं, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. नाणं टाकायला खिशात हात घातलात तर पकडले जाल. पेन काढायला घाला. हात नाण्यासकट आत जातो, पेन घेऊन बाहेर येतो. पेन मात्र खरंच वापरा, पत्त्यावर कुणाची तरी सही घ्या.

खिसा खोल असला की कोपर वर उचलतं, आणि कोपर सगळ्या टेबलाला दिसतं. सोलापुरात युनिफॉर्म शिवणारे कारागीर गल्लोगल्ली आहेत. त्यांच्यातल्या एकाकडून मी कोटाच्या खिशाला आतून चार बोटांवर आडवी शिवण मारून घेतली आणि वरचा फ्लॅप आत दुमडून टाके घातले. "एवढ्याशा खिशात ठेवणार काय?" असं तो अजून विचारतो. उजवा खिसा फक्त पुढच्या टेबलाच्या मालाचा, डावा वापरलेल्याचा. त्यामुळं दोन टेबलांमधल्या दहा पावलांत रिसेट होतं, म्हणजे सगळं पुन्हा सुरुवातीसारखं तयार.

वस्तू हलवायची वेळ कोणती? लोक हसतात ती. आपल्याकडं एकाच टेबलावर मराठी, कानडी, तेलुगू बसलेले असतात. मराठीत बोलता बोलता मी मधेच कानडीत "नोडी!" नाहीतर तेलुगूत "चूडंडी!", म्हणजे "बघा!" म्हणतो. माझे उच्चार ऐकून टेबल हसतं, माना वर येतात, सगळे तोंडाकडं बघतात. हात तेवढ्यात खिशात जाऊन आलेला असतो. स्वतः हाताकडं बघू नका, तुमची नजर जिथं जाईल तिथं त्यांची जाते.

जेवणारी माणसं असतील तर उजवा हात उष्टा असतो. नाणं धरायला त्यांचा डावा मागा. आणि खुर्च्यांच्या मागं, टेबलक्लॉथच्या खाली पोरं असतात. त्यांना कोन बरोबर सापडतो. "दुसऱ्या हातात आहे!" असं एकानं ओरडून सांगितलं, आणि नाणं खरोखरच तिथं होतं. मी मूठ उघडली, नाणं त्यालाच दिलं आणि म्हटलं, "आता तू माझा असिस्टंट, समोर उभा राहा." पुढची तीन टेबलं तो बाकीच्या पोरांना माझ्या मागं फिरकू देत नव्हता.