कार्यक्रम झाला, पण आवक क्रमांक कुठे आहे?

परवा एका मुलीचा फोन आला. नियोजनाची पदवी नुकतीच हातात पडलेली, पुण्यातल्याच एका संस्थेत 'कम्युनिटी आउटरीच'चं काम मिळालेलं, आणि पुढच्या महिन्यात तिला वस्तीतल्या लोकांना घेऊन पहिली पदपथ-पाहणी करायची आहे. तिने विचारलं, "ताई, किती लोक आले म्हणजे कार्यक्रम चांगला झाला म्हणायचा?"

सात वर्षांपूर्वी बार्शीहून येऊन मी या कामाला लागले तेव्हा माझ्याही डोक्यात हाच प्रश्न होता. त्याचं चुकीचं उत्तर धरून मी जवळजवळ दोन वर्षं काम केलं आणि त्याची किंमत एका गल्लीतल्या लोकांना मोजावी लागली. ते अजून मनातून जात नाही, म्हणून तिच्यासारख्या या कामात नव्याने येणाऱ्या सगळ्यांसाठी सविस्तर लिहिते आहे.

चालण्याजोगं शहर म्हणजे काय हे तुम्ही शिकून आलेले आहात. पदपथावर अडथळ्याविना निदान १.८ मीटर जागा हवी, त्याची उंची रस्त्यापासून १५० मिलिमीटरच्या वर नको, हे इंडियन रोड्स काँग्रेसचं मार्गदर्शन तुम्हाला पाठ असेल. मलाही होतं. पहिल्या पाहणीच्या वेळी मी ते मराठीत छापून सगळ्यांना वाटलंही होतं.

जानेवारीतला रविवार होता. सकाळी साडेसातला साठ-पासष्ट माणसं जमली. ज्येष्ठ नागरिक संघ, शाळेची मुलं, दोन डॉक्टर, एक व्हीलचेअर वापरणारे गृहस्थ. त्यात सत्तरीपुढच्या एक आजी होत्या. रोज दूध आणायला त्या याच पदपथावरून जायच्या. एका सोसायटीच्या गेटापाशी पदपथ एकदम संपतो. तिथे आजी थांबल्या. पिशवी डाव्या हातातून उजव्या हातात घेतली, डाव्या हाताने विजेच्या डीपीचा पत्रा धरला, अंग आडवं केलं, आधी उजवा पाय खाली टाकला आणि मग डावा शेजारी आणला. आम्ही टेप लावला. २९० मिलिमीटर. मर्यादेच्या जवळपास दुप्पट.

"रोज असंच उतरता, आजी?"

"मग काय करू गं? पावसाळ्यात तो डबा धरायची भीती वाटते, म्हणून मग रस्त्यावरनंच जाते."

सगळे गप्प झाले. त्या क्षणी मला वाटलं, आपण याच कामासाठी शिकलो. फोटो निघाले, पेपरात बातमी आली, मी अडतीस पानांचा अहवाल केला आणि महापालिकेच्या चार-पाच अधिकाऱ्यांना मेल केला. आमच्या ऑफिसात सगळ्यांनी पाठ थोपटली. मीही समजले की काम झालं.

पुढच्या हिवाळ्यात त्याच गल्लीतल्या एका काकांचा फोन आला. "ताई, आपल्या पदपथाचं काय झालं?" मी क्षेत्रीय कार्यालयात गेले. खिडकीवरच्या बाईंनी शांतपणे विचारलं, "तुमचा आवक क्रमांक सांगा." म्हणजे कागद कार्यालयात दाखल झाल्याचा नोंदणी क्रमांक. माझ्याकडे तो नव्हताच. मी अहवाल पाठवला होता, निवेदन दिलं नव्हतं. कागदोपत्री त्या साठ लोकांनी कधी काही मागितलंच नव्हतं.

आता हा भाग नीट वाचा. बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

महापालिकेत एखादं काम व्हायचं तर त्याला अंदाजपत्रकात तरतूद लागते. तरतूद व्हायची तर कनिष्ठ अभियंत्याने जागेवर येऊन एस्टिमेट करावं लागतं. त्याने यायचं तर त्याच्या टेबलावर कागद लागतो आणि तो कागद आवक-जावकमधून, शिक्का आणि क्रमांक पडून आलेला असावा लागतो. मेलवरचा सुंदर अहवाल या साखळीत कुठेच बसत नाही. निवेदनाच्या दोन प्रती न्या. एक द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. शिक्का पुसट उमटला तर पुन्हा मारायला सांगा, लाजू नका. क्रमांक हाताने लिहिला असेल तर तिथेच वाचून खात्री करा, १ आणि ७ मध्ये घोळ झाल्याने माझा एक कागद तीन आठवडे सापडत नव्हता. मग त्या पोचपावतीच्या झेरॉक्स काढून पाहणीला आलेल्या निदान पाच जणांना द्या. आपल्या फाइलमध्ये ठेवून उपयोग नाही. तुम्ही नोकरी बदलाल, प्रकल्प संपेल, माणसं तिथेच राहणार आहेत.

दुसरी गोष्ट, एका निवेदनात एकाच खात्याचं काम. माझ्या पहिल्या अहवालात पदपथाची उंची, वर आलेलं ड्रेनेजचं चेंबर, बंद दिवा, झाडाच्या फांद्या आणि बसथांबा असं सगळं एकत्र होतं. पदपथ पथ विभागाचा, चेंबर मलनिस्सारणाचं, दिवा विद्युत विभागाचा, फांद्या उद्यान विभागाच्या आणि बसथांब्याचा प्रश्न तर पीएमपीएमएलचा, म्हणजे शहराच्या बस चालवणाऱ्यांचा, ती वेगळी कंपनीच आहे. असा पंचमेळ कागद कोणीच आपला मानत नाही. शिवाय रस्ता कोणाकडे आहे ते आधी विचारा. साधारणपणे १२ मीटरपर्यंतचे रस्ते क्षेत्रीय कार्यालय बघतं आणि त्याहून रुंद रस्ते मुख्य पथ विभाग.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात उशिरा कळली आणि तीच सगळ्यात महाग पडली, ती म्हणजे ऋतू. पुण्यात २००६ मध्ये सहभागी अंदाजपत्रकाची पद्धत सुरू झाली. आपल्या प्रभागातली पदपथ, दिवे, बाक अशी छोटी कामं नागरिकांनी अर्ज भरून सुचवायची. हे अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास मागवतात, तारीख दर वर्षी पुढे-मागे होते. त्यातून निवडलेल्या कामांना पैसे मिळतात ते पुढच्या १ एप्रिलपासून. आणि आपण कार्यक्रम कधी घेतो? हवा छान असते म्हणून डिसेंबर-जानेवारीत, संस्थेचा निधी मार्चअखेर संपवायचा म्हणून फेब्रुवारीत, नाहीतर ५ जूनचा पर्यावरण दिन आणि २२ सप्टेंबरचा कारमुक्त दिन साजरे करायचे म्हणून. माझी जानेवारीतली पाहणी अंदाजपत्रक जवळपास ठरून गेल्यावर झाली होती. त्यानंतर अर्जाची वेळ आली तेव्हा मी एका परिषदेच्या तयारीत होते. ती तारीख गेली आणि लोकांचं अख्खं वर्ष गेलं.

म्हणून पाहणी जून-जुलैमध्ये घ्या. हो, पावसात. लोक कमी येतील, वीस आले तरी पुरे. पण पाणी कुठे साचतं, उतार कुठे उलटा आहे, कुठला पेव्हर ब्लॉक पाय ठेवल्यावर चिखल उडवतो, हे जानेवारीत मेले तरी दिसत नाही. आणि अर्जाची तारीख जाहीर होईल तेव्हा तुमच्या हातात मापं, फोटो आणि जागेची अचूक खूण तयार असेल.

हे वाचून घाबरू नका. मी नगररचना शिकले, पण महापालिकेतल्या कागदाचा प्रवास मला एकाही प्राध्यापकांनी शिकवला नव्हता. शिकवला तो एका निवृत्त उपअभियंत्यांनी. माझी अवस्था बघून ते म्हणाले, "बाळ, उद्या अकराला ये, मी तुला कागदाबरोबर फिरवतो." आणि खरंच त्यांनी मला एका निवेदनाबरोबर टेबलाटेबलावर नेलं. त्या एका दुपारने मला दोन वर्षांच्या सेमिनारांपेक्षा जास्त दिलं.

मार्गदर्शकाबद्दल माझं मत म्हणूनच पक्कं झालंय. मोठ्या व्यासपीठावरचा वक्ता तुमचा मार्गदर्शक होऊ शकत नाही, त्याला वेळच नसतो. जो माणूस तुमच्याबरोबर ऑफिसच्या बाकावर तासभर बसेल तो शोधा. निवृत्त अभियंते, जुन्या मोहल्ला कमिटीतल्या बायका, सफाई कामगारांची हजेरी लागते त्या आरोग्य कोठीवरचे मुकादम. यांना कोणी काही विचारत नाही, तुम्ही विचारलंत तर ते भरभरून सांगतात.

ऑनलाइन वेबिनारची प्रमाणपत्रं गोळा करू नका. माझ्याकडे एकतीस होती. मुलाखतीत त्यांतल्या एकाबद्दलही कोणी विचारलं नाही. दोन दिवसांच्या परिषदेला गेलात तर जिथे महापालिकेचे अभियंते स्वतः प्रकल्प दाखवणार असतील ते सत्र गाठा आणि त्यांना विचारा की देखभालीचे पैसे अंदाजपत्रकातल्या कुठल्या शीर्षाखाली आहेत. शक्य असेल तर ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर या. २०२१ पासून त्या दिवशी तिथे पादचारी दिन होतो आणि रस्त्याचा एक टप्पा वाहनांना बंद असतो. पण फक्त रांगोळ्या आणि खेळ बघून परतू नका. दुकानदारांशी बोला, माल कुठून उतरवला ते विचारा, पार्किंग कुठे सरकलं ते चालत जाऊन बघा. व्यावसायिक शिक्षण म्हणतात ते असं मिळतं.

आकडे वापरताना जपा. हवेवरच्या एका बैठकीत मी स्लाइड लावली होती की पीएम २.५ म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ची वार्षिक शिफारस घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम आहे आणि भारताचं मानक ४०. आकडे खरे होते. पण मागे बसलेले इस्त्रीवाले दादा म्हणाले, "मॅडम, मी कोळशाच्या इस्त्रीपाशी दहा तास उभा असतो. मी काय करू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांच्या टपरीला वीजजोड मिळू शकतो का, हे मी आधी शोधून ठेवायला हवं होतं. तेव्हापासून ज्या आकड्यानंतर समोरच्याला करता येईल असं काही सांगता येत नाही, तो आकडा मी लोकांपुढे नेत नाही.

कचऱ्याच्या कामात जाणार असाल तर जनजागृतीचं भाषण तयार करण्याआधी चार सकाळी कचरावेचक मावशींबरोबर फिरा. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली आणि २००८ मध्ये कचरावेचकांची 'स्वच्छ' सहकारी संस्था दारोदार कचरा गोळा करू लागली. या बायकांना शहराचं जे ज्ञान आहे ते कुठल्या सर्वेक्षणात नाही. मी गेले तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या एका डब्यातून मावशींनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली पुडी उचलली. वर लाल ठिपका होता. म्हणजे आत सॅनिटरी पॅड आहे हे न उघडताच कळतं. पुढच्या दारी तसंच पॅड उघडं, भाजीच्या देठांत मिसळलेलं होतं आणि ते त्यांना हाताने वेगळं करावं लागलं. त्या काही बोलल्या नाहीत. हात झटकला आणि पुढची बेल वाजवली. त्यानंतर सोसायटीच्या बैठकीत मी ओला-सुका यावर दहा मिनिटं बोलणं सोडून दिलं. एक जुना पेपर आणि लाल स्केचपेन घेऊन जाते आणि पुडी कशी बांधायची तेवढं करून दाखवते.

वेळेचंही बघा. रविवारी सकाळी साडेसातला धुणीभांडी करणाऱ्या बायका कामावर असतात, भाजीवाले मार्केट यार्डातून माल लावत असतात. रस्ता सगळ्यात जास्त पायाखाली घालणारे लोक तुमच्या पाहणीत नसतील, तर दुपारी तीनला चहाच्या टपरीपाशी वेगळं भेटा. गुगल फॉर्म पाठवून हे भागत नाही. तो ज्याच्याकडे फुरसत आहे तोच भरतो.

काही महिने तुम्हाला वाटेल की आपण काहीच बदलत नाही. पगार बेताचा, घरी विचारतात की नक्की काय काम करतेस, आणि बरोबरीचे मित्र सल्लागार कंपन्यांत पुढे गेलेले असतात. मला हे सगळं अजूनही मधूनमधून होतं. पण काम शिकता येण्यासारखं आहे. त्याला फार हुशारी लागत नाही, पुन्हा पुन्हा त्याच खिडकीवर जायची तयारी लागते. मंगळवारी जा, सोमवारी तिथे गर्दी असते.

त्या गल्लीत मी पुन्हा गेले तेव्हा चारच माणसं आली. बाकीच्यांचा विश्वास उडाला होता आणि मला त्यांचं चूक वाटलं नाही. आजींनी दूध घरपोच लावलं होतं. त्यांचं रोजचं तेवढंच चालणं होतं, तेही बंद झालं होतं. मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली, काय चुकलं ते सांगितलं आणि जुलैमध्ये, छत्र्या घेऊन, आम्ही सहा जणांनी पुन्हा मापं घेतली. या वेळी तीन निवेदनं, तीन खात्यांना, तीन शिक्के. सहभागी अंदाजपत्रकाचा अर्ज आजींनी स्वतःच्या नावाने, स्वतःच्या अक्षरात भरला. पोचपावतीची झेरॉक्स त्यांनी वीजबिलांच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवली आहे.

मागच्या गुरुवारी त्यांचा फोन आला. एक तरुण अभियंता येऊन गेला म्हणे. गेटापाशी टेप लावला, उंची वहीत लिहिली आणि ते वर आलेलं चेंबर कोणाकडे येतं असं त्यांनाच विचारलं. आजींनी मलनिस्सारणाच्या निवेदनाचा आवक क्रमांक त्याला वाचून दाखवला. काम अंदाजपत्रकात येतं का ते अजून कळायचं आहे. मंगळवारी त्या स्वतः जाऊन विचारणार आहेत, मला फक्त सोबत यायला सांगितलंय.