जॉबवर्कच्या कारखान्यासाठी सॉफ्टवेअर: तयार घ्यावे की बनवून घ्यावे?

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीतला, दुसऱ्याच्या मालावर मजुरीने काम (जॉबवर्क) करणारा एखादा मशीन शॉप डोळ्यांपुढे ठेवून हे विवेचन केले आहे. फाउंड्रीकडून (ओतकामाच्या कारखान्याकडून) कास्टिंग म्हणजे ओतीव भाग येतात, इथे त्यांवर टर्निंग, मिलिंग, ड्रिलिंग होते आणि तयार नग पुन्हा फाउंड्रीकडे किंवा तिच्या सांगण्यावरून थेट तिच्या ग्राहकाकडे जातात. संगणकावर चालणारी चार-पाच सीएनसी आणि व्हीएमसी मशीन, एक स्टोअरकीपर, अर्धा दिवस येणारा अकाउंटंट आणि सगळीकडे लक्ष ठेवणारा मालक, असा हा पसारा असतो. काम वाढले की एक्सेलच्या फायली पुरेनाशा होतात. मग कोणी सांगतो की बाजारातले चांगले पॅकेज घेऊन टाका, तर कोणी सांगतो की ओळखीचा प्रोग्रामर हवे तसे बनवून देईल. हे दोन्ही सल्ले संपूर्ण कारखान्यासाठी एकदाच दिलेले असतात आणि तिथेच ते फसतात. प्रश्न एकेका कामापुरता विचारावा आणि तो असा विचारावा: या कामाचा नियम कोण ठरवतो?

सुरुवात कागदांपासून करावी. महिनाभरात वापरले जाणारे सगळे कागद एका टेबलावर मांडावेत: आवक-जावक रजिस्टर, चलन बुके (मालासोबत जाणाऱ्या पावत्यांची), रिजेक्शनच्या नोंदी, एक्सेलच्या फायलींचे प्रिंट, स्टोअरकीपरच्या खिशातली डायरी आणि व्हॉट्सॲपच्या गटावर रोज रात्री पडणारा उत्पादनाचा आकडासुद्धा. डायरी आणि व्हॉट्सॲप विसरू नयेत, कारण खरी माहिती बहुधा तिथेच असते. प्रत्येक कागदावर पेन्सिलीने लिहावे की त्याचा नियम सरकारने घालून दिला आहे, ग्राहकाच्या अटींमुळे आणि आपल्या कामाच्या पद्धतीमुळे तयार झाला आहे, की केवळ सवयीने चालत आला आहे.

सरकारी नियमाचे जे काही असेल ते तयार घ्यावे, यात फारसा वाद नाही. जीएसटीची बिले, ई-वे बिल, रिटर्न, टीडीएस, भविष्य निर्वाह निधी ही कामे देशभर एकाच नियमाने चालतात आणि तो नियम सतत बदलतो. ई-इन्व्हॉइसचेच, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवून घ्यायच्या बिलाचेच पाहा. ऑक्टोबर २०२० मध्ये ते ५०० कोटींहून अधिक उलाढाल असलेल्यांना लागू झाले. पुढे ही मर्यादा १००, ५०, २० आणि १० कोटी अशी उतरत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर आली. २२ सप्टेंबर २०२५ रोजी जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतांशी गेले. असा प्रत्येक बदल तयार पॅकेजचा विक्रेता लाखो ग्राहकांसाठी एकदाच करतो. स्वतः बनवून घेतलेल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये तोच बदल आपल्याला एकट्याच्या खर्चाने आणि प्रोग्रामरच्या सवडीने करून घ्यावा लागतो. शिवाय कारखाना प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल, तर १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराची नोंद ठेवणारी आणि बंद करता न येणारी सोय असणे बंधनकारक आहे. लेखापरीक्षकाला आपल्या अहवालात त्यावर लिहावे लागते. हिशेबाचे सॉफ्टवेअर घरी बनवण्याचा मोह कोणी घालत असेल, तर त्याला एवढे ऐकवावे.

सवयीने चालत आलेल्या कामांसाठी काहीच विकत घेऊ नये. जुन्या मुनिमाने कधीतरी पार्टीवार वेगळे रजिस्टर सुरू केले आणि आजही प्रत्येक चलन त्यात पुन्हा उतरवले जाते, एवढ्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये नवा स्क्रीन मागणे म्हणजे सवयीला पैसे मोजणे होय. असे कागद बंद करावेत. माझ्या अंदाजाने टेबलावरचा बराच ढीग इथेच कमी होईल.

उरते ते खरे काम, आणि त्याच्याकडे बारकाईने पाहावे लागते. समजा, फाउंड्रीकडून एका चलनावर ५०० नग आले. त्यातले ३०० तयार होऊन गेले. १२ नग ड्रिलिंगपर्यंत पोहोचल्यावर आत ब्लो होल (हवेच्या पोकळ्या) निघाले, म्हणजे दोष ओतकामाचा. ५ नगांचा बोअर (आतले भोक) मोठा झाला, म्हणजे दोष आपला. पहिल्या १२ नगांवर ड्रिलिंगपर्यंत झालेल्या कामाची मजुरी फाउंड्री देणार की नाही, हे तिच्याशी ठरलेल्या अटीवर अवलंबून असते. दुसऱ्या ५ नगांसाठी कास्टिंगच्या किमतीची डेबिट नोट (रक्कम आपल्याकडून वळती करण्याची चिठ्ठी) येणार हे जवळजवळ निश्चित असते. शिल्लक राहिले १८३. तोवर त्याच पार्टचे आणखी ४०० नग दुसऱ्या चलनावर, वेगळ्या हीट नंबरचे (वेगळ्या ओतणीचे), येऊन त्याच बिनमध्ये पडले. साधे स्टॉकचे पॅकेज सांगेल की ५८३ नग शिल्लक आहेत. ते खरेच आहे, परंतु फाउंड्रीचा माणूस ते विचारत नाही. तो विचारतो, ‘पहिल्या ५७एफ४ वर किती पेंडिंग आहेत?’ (५७एफ४ म्हणजे इथे चलन. केंद्रीय अबकारी कराचा त्या क्रमांकाचा नियम केव्हाच इतिहासजमा झाला, तरी चलनाला चिकटलेले त्याचे नाव औद्योगिक वसाहतींत अजून गेलेले नाही.)

त्याच्या प्रश्नामागे कायदा आहे. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे जॉबवर्कला दिलेला माल एका वर्षात परत आला नाही किंवा तिथूनच पुढे विकला गेला नाही, तर तो पाठवला त्याच दिवशी विकला असे धरले जाते आणि कर व व्याज माल पाठवणाऱ्याच्या माथी येते. आयटीसी-०४ हा जॉबवर्कला पाठवलेल्या मालाचा तपशील फाउंड्रीने भरायचा असतो, पण आकडे आपल्याकडून जातात. त्यामुळे चलनवार शिल्लक, दोन प्रकारचे रिजेक्शन आणि प्रत्येक ऑपरेशनपर्यंतची मजुरी या तिन्हींचा मेळ जो कारखाना दिवसाअखेर घालू शकतो, त्याची बिले अडकत नाहीत. बनवून घेण्याचा विचार करायचा तो या एवढ्या तुकड्यासाठी.

तरीही आधी शोध घ्यावा. ‘आमचा धंदा वेगळा आहे’ हे वाक्य प्रत्येक मालक म्हणतो आणि ते बहुधा अर्धेच खरे असते. पतसंस्था, दूध संकलन केंद्रे, साखर कारखाने, अडत दुकाने यांच्यासाठी खास पॅकेजे तयार झाली, ती त्याच धंद्यातल्या कोणीतरी आपल्या आधी हीच तक्रार केली म्हणून. स्मॅक किंवा गोशिमा यांसारख्या उद्योजक संघटनांच्या सभासदांकडे चौकशी करावी आणि सॉफ्टवेअर कोणते वापरता एवढ्यावर न थांबता, ते घेतल्यावरही एक्सेलमध्ये काय ठेवावे लागते, हे विचारावे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर जास्त उपयोगी पडते.

विक्रेत्याचा डेमो त्याच्या नमुन्याच्या आकड्यांवर कधीच पाहू नये. वरच्यासारखी आपली सर्वांत गुंतागुंतीची दोन-तीन चलने त्याच्या हाती द्यावीत आणि समोर बसून नोंदवायला सांगावीत. ‘ते पुढच्या व्हर्जनमध्ये येणार आहे’ याचा अर्थ आज ते नाही असाच घ्यावा. मग सगळा डेटा एक्सेलमध्ये बाहेर काढून दाखवायला सांगावे. जे सॉफ्टवेअर डेटा सहज बाहेर देत नाही, ते कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये. अखेरीस स्टोअरकीपरला त्यावर एक आवक नोंदवायला लावावी. त्याला मराठी पडदा सोयीचा असेल, तर मराठी मजकूर युनिकोडमध्ये साठवला जातो की जुन्या फॉन्टमध्ये, हे तपासावे. जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर नेला की निरर्थक अक्षरे दिसतात आणि शोधही नीट चालत नाही.

तयार घेणे आणि बनवून घेणे या दोन टोकांच्या मध्ये एक वाट आहे आणि छोट्या कारखान्यांना बहुधा तीच परवडते. टॅली या हिशेबाच्या पॅकेजमध्ये टीडीएल या तिच्याच भाषेत जास्तीचे रकाने आणि अहवाल बसवून देणारे लोक बहुतेक शहरांत मिळतात. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचे ईआरपीनेक्स्ट हे कारखान्याचा सगळा कारभार सांभाळणारे सॉफ्टवेअर मुक्तस्रोत आहे. त्याच्या परवान्यासाठी पैसे पडत नाहीत, मात्र सर्व्हर, उभारणी आणि देखभाल यांचा खर्च असतोच. हिशेब तयार पॅकेजमध्ये ठेवावा, चलनवार शिल्लकेचा छोटा भाग वेगळा बनवावा आणि दिवसाअखेर बिलाचे आकडे एकाकडून दुसऱ्याकडे जातील एवढी जोडणी करावी. मूळ पॅकेजच्या गाभ्यात मात्र कोणालाही हात घालू देऊ नये, कारण पुढच्या अपडेटच्या वेळी ते बदल पुसले जातात किंवा त्यांच्यामुळे अपडेटच अडते.

बनवून घेण्याचे ठरले, तर सर्वांत आधी करार. आपण पैसे दिले म्हणजे सॉफ्टवेअर आपले झाले, हा समज चुकीचा आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे बाहेरच्या माणसाने लिहिलेल्या प्रोग्रामचा पहिला मालक सर्वसाधारणपणे तोच असतो आणि हक्क आपल्याकडे यायचे तर कलम १९ प्रमाणे सहीनिशी लेखी हस्तांतरण लागते. त्यात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षांची धरली जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरताच हक्क मिळतो, म्हणून हे दोन्ही मुद्दे वकिलाकडून स्पष्ट लिहवून घ्यावेत. सोर्स कोड प्रत्येक टप्प्याला ताब्यात घ्यावा, शेवटच्या हप्त्यापर्यंत थांबू नये. सर्व्हर आणि डोमेन कारखान्याच्या नावावर आणि कारखान्याच्या ईमेलवर असावेत. प्रोग्रामर पुण्याला नोकरीला निघून गेला तर दुसरा माणूस हे काम उचलू शकेल का, हा प्रश्न त्याच्या देखतच विचारावा. चांगला प्रोग्रामर त्याचा राग मानत नाही.

खर्चाची तुलना पाच वर्षांची करावी. तयार पॅकेजच्या बाजूला परवाना किंवा वार्षिक वर्गणी, वापरणाऱ्यांची वाढती संख्या आणि जोडणीचा खर्च लिहावा. बनवून घेण्याच्या बाजूला मूळ रक्कम, दरवर्षीची एएमसी (देखभालीचा करार), सर्व्हर, बॅकअप आणि मालकाने प्रोग्रामरला काम समजावून सांगण्यात घालवलेले तास मांडावेत. हे तास कोणी धरत नाही, पण मालक मशीनवर नसेल तर त्याची किंमत काय होते हे त्यालाच ठाऊक असते.

हिशेबाचे पॅकेज बदलायचे असेल तर १ एप्रिल सोयीचा, कारण आरंभीच्या शिलका आणि बिलांची नवी मालिका तिथेच जुळते. चलनवार शिल्लकेचा भाग त्या दिवसासाठी अडवून ठेवू नये. एकाच फाउंड्रीच्या एकाच पार्टपासून तो सुरू करावा, रजिस्टर सोबत चालू ठेवावे आणि महिन्याच्या शेवटी दोन्हींची शिल्लक बिनमधल्या नगांशी प्रत्यक्ष मोजून ताडावी. तिन्ही आकडे लागोपाठ दोन महिने जुळले की त्या फाउंड्रीचे रजिस्टर बंद करावे आणि मगच दुसरी फाउंड्री घ्यावी.