गोल्फ क्लबच्या ब्रँडबद्दल स्वतःचं मत कसं बनवावं

"मिझुनोचे आयर्न मऊ लागतात." "पिंग चुकलेला फटकाही सांभाळून घेतो." "टायटलिस्ट आपल्यासारख्यांसाठी नाहीच." सरावाच्या रेंजवर अर्धा तास उभं राहिलं तरी क्लब-कंपन्यांबद्दल अशी वाक्यं कानावर पडतात. बोलणारा खोटं बोलत नसतो, त्याने तो क्लब, म्हणजे गोल्फची काठी, मारलेला असतो. पण त्याने मारलेला असतो एका ठरावीक लॉफ्टचा (चेहरा किती मागे झुकलाय तो कोन), ठरावीक वजनाच्या शाफ्टचा (दांड्याचा), नव्या किंवा झिजलेल्या ग्रिपचा (मुठीचा) एकच क्लब, आणि तोही एखाद्या चांगल्या किंवा वाईट दिवशी. एवढ्या सगळ्याचं श्रेय किंवा खापर मग हेडवर, म्हणजे बॉलला लागणाऱ्या डोक्यावर, कोरलेल्या नावाला मिळतं. नावाचा वाटा किती आणि बाकीच्या गोष्टींचा किती, हे सुटं करता आलं तरच मत आपलं म्हणता येतं. त्याची रीत अशी.

आधी स्वतःची बॅग मोजा

नवा क्लब हातात घेण्यापूर्वी जुन्याची नोंद वहीत हवी: प्रत्येक आयर्नचा (मधल्या अंतराचा, नंबर दिलेला धातूचा क्लब) लॉफ्ट, लांबी, लाय अँगल (दांडा जमिनीशी करतो तो कोन), शाफ्टचं नाव आणि वजन, ग्रिपची जाडी. क्लब दुरुस्त करणाऱ्याकडे लॉफ्ट-लाय मोजायचं यंत्र असतं, तिथे पूर्ण संच मोजून घ्या. कारखान्यातून आलेल्या क्लबमध्येही एखाद्या अंशाचा फरक सापडतो. सात आणि आठ नंबर सारखेच अंतर जात असतील, तर दोष ब्रँडच्या डिझाइनचा नसून त्या दोन क्लबच्या लॉफ्टमधलं अंतर चार अंशांऐवजी दोनच अंश उरलेलं असू शकतं. फोर्ज केलेलं (ठोकून घडवलेलं) मऊ पोलादी हेड सहज वाकवून दुरुस्त होतं. कास्ट केलेलं (साच्यात ओतलेलं) कडक स्टेनलेस हेड एक-दोन अंशांपलीकडे वाकवायला गेलं तर तुटायची भीती असते. आणि लॉफ्ट एक अंश कमी केला की बाउन्सही (क्लबच्या तळव्याचा कोन) साधारण तेवढाच कमी होतो, हे वाकवून घेण्याआधी लक्षात घ्या.

ग्रिप झिजली असेल तर तुलनेआधीच बदला. वर्षभरात किंवा साधारण ४० राउंडांनंतर रबर कडक आणि निसरडं होतं, हात नकळत आवळून धरतो आणि फटका अडखळतो. अशा क्लबची दुकानातल्या कोऱ्या ग्रिपच्या क्लबशी तुलना केली, तर जिंकते ती ग्रिप, ब्रँड नव्हे. घामाच्या दिवसांत तर हे हमखास घडतं.

शाफ्ट कोणाचा?

बहुतेक क्लब-कंपन्या शाफ्ट स्वतः बनवत नाहीत. ट्रू टेम्पर, निप्पॉन, केबीएस, फुजिकुरा, मित्सुबिशी या वेगळ्या कंपन्या आहेत आणि त्यांचेच शाफ्ट सगळ्या ब्रँडमध्ये बसवलेले असतात. डायनॅमिक गोल्ड एस३०० हा पोलादी शाफ्ट १३० ग्रॅमच्या आसपास भरतो, तर निप्पॉनचा एनएस प्रो ९५०जीएच शंभरच्या आत. तीस ग्रॅमचा हा फरक स्विंगची लय बदलून टाकतो. एका ब्रँडमध्ये पहिला शाफ्ट आणि दुसऱ्यात दुसरा असेल, तर "हा ब्रँड जड वाटतो" या मतातला मोठा हिस्सा शाफ्टचा असतो.

रेग्युलर आणि स्टिफ या शब्दांवर तर अजिबात विसंबू नका. ताठपणा मोजायचं सगळ्या कंपन्यांना बांधील असं एकच माप नाही. एकाचा रेग्युलर दुसऱ्याच्या स्टिफइतका ताठ असू शकतो. म्हणून फिटिंगला (आपल्या मापाचा क्लब ठरवायला) गेल्यावर पहिली मागणी हीच करा: दोन्ही हेड शक्यतो एकाच शाफ्टवर, एकाच लांबीत द्या. आयर्नमध्ये अर्ध्या इंचाने लांबी वाढली तर स्विंगवेट (फिरवताना हेड किती जड लागतं त्याचं माप) सुमारे तीन अंकांनी सरकतं, आणि हेडमध्ये दोन ग्रॅम वाढले तर एका अंकाने. हा फरक हाताला कळतो.

सात नंबर, पण किती अंशांचा?

इथेच सर्वांत जास्त फसगत होते, म्हणून जरा थांबून बघू. टायटलिस्टच्याच दोन मॉडेलांत टी१००चा सात नंबर ३४ अंशांचा आहे आणि टी३५०चा २९ अंशांचा. ब्रँड एक, आकडा एक, फरक पाच अंशांचा. म्हणजे एका क्लबपेक्षा थोडा जास्तच. दुकानात एका कंपनीचा ३४ अंशांचा सात नंबर आणि दुसरीचा २९ अंशांचा सात नंबर लागोपाठ मारला, की दुसरा लांब जाणारच. त्यावरून "या कंपनीचे क्लब लांब जातात" असं ठरवणं म्हणजे सहा नंबरची तुलना सात नंबरशी करणं होय.

कमी लॉफ्ट ही नुसती चलाखी नाही, हेही सांगायला हवं. हेडचं वजन खाली आणि मागे ठेवल्यामुळे अशा क्लबचा बॉल कमी लॉफ्ट असूनही उंच उडू शकतो. तो खरंच तसा उडतो का, हे तपासायचं. लाँच मॉनिटरवर (बॉलचं उड्डाण मोजणाऱ्या यंत्रावर) नुसतं अंतर न बघता बॉल किती उंच गेला, किती अंशांत उतरला आणि मिनिटाला किती फेरे घेत होता, हे तीन आकडे लिहा. ग्रीनवर (होलभोवतीच्या आखूड गवतावर) थांबण्यासाठी उतरण्याचा कोन ४५ अंशांच्या आसपास हवा. फिरकीसाठी जुना ठोकताळा आहे: क्लबच्या नंबरच्या हजारपट, म्हणजे सात नंबरला सुमारे ७००० फेरे. त्याहून खूप कमी दिसली, तर दहा यार्ड जास्त मिळूनही बॉल ग्रीनच्या मागे जाऊन पडेल.

याचा पुढचा परिणामही वहीत मांडा. अशा संचातली पिचिंग वेज (वेज म्हणजे जास्त लॉफ्टचा, जवळच्या फटक्यांचा क्लब) ४३–४४ अंशांची असते. तुमची सँड वेज ५६ची असेल, तर मध्ये बारा-तेरा अंशांची पोकळी राहते आणि आणखी एक किंवा दोन वेज घ्याव्या लागतात. नियमाने बॅगेत १४च क्लब चालतात, तेव्हा लांब पल्ल्याचा कुठला काढणार हेही आताच ठरवा.

चाचणीचा दिवस

एका वेळी जास्तीत जास्त दोन नवे क्लब आणि तिसरा स्वतःचा. स्वतःचा क्लब मध्ये नसेल, तर त्या दिवशी तुमचा स्विंग चांगला होता की क्लब, हे कधीच कळत नाही. आधी १५–२० बॉल मारून अंग मोकळं करा. मग प्रत्येक क्लबचे पाच फटके, आलटून पालटून: स्वतःचा, पहिला, दुसरा, पुढच्या फेरीत उलट क्रमाने. अशा तीन फेऱ्या, म्हणजे प्रत्येकी १५ फटके. एकाच क्लबने सलग वीस मारले की शरीर त्याला जुळवून घेतं आणि शेवटच्या क्लबच्या वाट्याला थकवा येतो. तासाभरापेक्षा जास्त वेळ नको.

रेंजचे बॉल या कामाला चालत नाहीत. ते झिजलेले असतात, काही मुद्दाम कमी जाणारे असतात. तुम्ही कोर्सवर वापरता तोच बॉल न्या. चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबच्या कोर्सवर मिळालेलं अंतर येरवड्याच्या पूना क्लब कोर्सवरच्या अंतराशी सरळ जुळवू नका. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे आणि तेवढ्या उंचीने अंतरात साधारण दोन टक्के भर पडते.

बॉलच्या मागच्या बाजूला पुसता येणाऱ्या मार्करने एक उभी रेघ काढा आणि ती क्लबच्या चेहऱ्यासमोर येईल असा बॉल ठेवा. फटक्यानंतर तिचा ठसा चेहऱ्यावर उमटतो. तो कुठे उमटला यावरून मधोमध लागलं की टोकाला ते कळतं. ठसा सरळ उभा असेल तर लाय बरोबर. वरचं टोक टो-कडे (हेडच्या बाहेरच्या टोकाकडे) झुकलं असेल तर लाय जास्त उभा आहे, आणि उजव्या हाताच्या खेळाडूचा बॉल डावीकडे जाईल. हील-कडे (दांड्याच्या बाजूला) झुकलं असेल तर लाय जास्त सपाट.

पिंगच्या आयर्नवर लायसाठी रंगीत ठिपके असतात. काळा म्हणजे प्रमाण, लाल सपाट बाजूचा, निळा आणि हिरवा उभ्या बाजूचे. ठिपका न बघता हिरव्याचा जुना संच घेतला आणि उंची बेताची असली, तर फटके डावीकडे जात राहतात आणि "पिंग डावीकडे ओढतो" असं मत कायमचं बसतं. दोष ठिपक्याचा असतो.

क्लब नावावरून आवडतोय का, हे बघायचं असेल तर मित्राला आयर्नच्या मागच्या बाजूवर आणि शाफ्टच्या पट्टीवर पातळ कागदी चिकटपट्टी लावायला सांगा. एकच थर, नाहीतर वजन बदलेल. आकारावरून ओळख पटते, तरीही नाव डोळ्यासमोर नसलं की हात वेगळा निवाडा देतो.

मऊपणा कानात असतो

बॉल आणि क्लबचा स्पर्श सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाएवढा टिकतो. हाताला काही जाणवेपर्यंत बॉल निघून गेलेला असतो. ज्याला आपण "फील" म्हणतो त्यात आवाजाचा हिस्सा फार मोठा. पिंग हे नावच कार्स्टन सोलहाइम यांनी १९५९मध्ये आपल्या पटरच्या (ग्रीनवर बॉल होलकडे ढकलायच्या क्लबच्या) आवाजावरून घेतलं. मिझुनो आवाज घडवण्यावर मेहनत घेते. काही मॉडेलांत क्रोमखाली तांब्याचा पातळ थर देते. म्हणून पाच फटके कानात बोळे घालून मारा. मऊपणा अर्ध्यावर आला, तर तुम्हाला आवाज आवडला होता. त्यात गैर काहीच नाही. आवडता आवाज आत्मविश्वास देतो, पटरमध्ये तर फारच. फक्त वहीत "आवाज" या रकान्यात लिहा, "अचूकता" या नव्हे.

आकडे कसे वाचावेत

समजा एका क्लबचे पाच कॅरी (बॉलने हवेत कापलेलं अंतर, यार्डांत) असे आले: १३८, १४१, १२९, १४०, १३९. दुसऱ्याचे: १४७, १२८, १५०, १२६, १४४. दुसऱ्याची सरासरी १३९, पहिल्याची १३७. लक्षात राहतो तो १५०चा फटका, आणि खरेदी त्याच्यावरच होते. पण पहिल्याचा पसारा १२ यार्डांचा आहे, दुसऱ्याचा २४चा. ग्रीनसमोर बंकर (वाळूचा खड्डा) असेल तर पहिलाच क्लब हवा. शँक (दांड्याच्या नळीला लागलेला) किंवा टॉप (बॉलच्या वरच्या भागाला लागलेला) झालेला फटका खोडा, मात्र टो किंवा हीलवर लागलेले खोडू नका. क्लबची खरी परीक्षा त्यांच्यावरच होते.

ड्रायव्हरमध्ये (सर्वांत लांब फटक्याच्या क्लबमध्ये) हे आणखी ठळक. हेडचं आकारमान ४६० घन सेंटिमीटर आणि चेहऱ्याची उसळी या दोन्हींना नियमाची मर्यादा आहे, आणि मोठ्या कंपन्या तिच्या अगदी जवळ पोचलेल्या आहेत. मधोमध लागलेल्या फटक्यात बॉलचा वेग म्हणूनच फारसा वेगळा येत नाही. फरक पडतो तो चुकलेल्या फटक्यात, फिरकीत आणि लांबीत. होझलची (हेडमधली दांडा बसायची नळी) फिरवता येणारी स्लीव्ह कुठल्या खुणेवर आहे ते आधी बघा, कारण लॉफ्ट बदलला की चेहऱ्याची दिशाही थोडी बदलते. आणि एकदा इंचभर खाली धरून मारून बघा. फटके सुधारले तर ब्रँड बदलण्याआधी लांबी बदला.

दुकानाबाहेर

मॅटवर सोलचं (हेडच्या तळव्याचं) काही कळत नाही. क्लब जमिनीच्या थोडा आधी आदळला तरी मॅटवरून सरकून बॉलपर्यंत पोचतो. आपल्याकडे तर एकाच कोर्सवर दोन वेगळ्या जमिनी असतात: एप्रिल-मेमध्ये भाजून टणक झालेली आणि जुलैमध्ये पाणी धरलेली. मऊ जमिनीत रुंद सोल आणि १२–१४ अंशांचा बाउन्स रुतण्यापासून वाचवतो. तीच वेज उन्हाळ्यात जमिनीवरून उसळून बॉलच्या पोटात बसते. टायटलिस्टच्या व्होकी वेजवर लॉफ्ट, बाउन्स आणि ग्राइंडचं (तळव्याला घासून दिलेल्या आकाराचं) अक्षर कोरलेलं असतं, उदाहरणार्थ ५६.१४ एफ किंवा ५६.०८ एम. एकाच कंपनीच्या या दोन वेज पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात अगदी उलटं मत द्यायला लावतील. वेजबद्दल दोन्ही मोसम पाहिल्याशिवाय बोलू नये. मुलामा नसलेल्या रॉ वेजला मुंबईच्या खाऱ्या हवेत लवकर गंज चढतो. तो दोष नाही, तिचा स्वभावच आहे. खेळून झाल्यावर पुसून ठेवायची.

टीव्हीवरच्या खेळाडूची बॅग बघताना त्याचे कंपन्यांशी असलेले करार आठवा. अमेरिकी गोल्फपटू ब्रूक्स कोएप्काने २०१७ची यूएस ओपन क्लब-कंपनीच्या कराराविना जिंकली. तेव्हा त्याच्याकडे टेलरमेडचा ड्रायव्हर, मिझुनोचे आयर्न, व्होकीच्या वेज आणि स्कॉटी कॅमेरॉनचा पटर होता. पूर्ण संच एकाच नावाचा असावा हा आग्रह तुम्हीही सोडू शकता.

ब्रँडबद्दल म्हणून ठेवावं असं मत खरं तर वेगळ्याच गोष्टींवर बनतं: तुटलेल्या शाफ्टच्या जागी तसाच शाफ्ट भारतात किती दिवसांत मिळतो, स्लीव्ह आणि वजनाचे स्क्रू सुटे मिळतात का, जुन्या क्लबला परत किती किंमत येते. जुना क्लब घेताना होझलवरचा क्रमांक तपासा आणि ड्रायव्हरच्या चेहऱ्याला चुंबक लावून बघा. टायटॅनियमला चुंबक चिकटत नाही. टायटॅनियम म्हणून विकलेल्या चेहऱ्याला चिकटला तर तो नकली आहे, आणि त्यावरून कुठल्याच कंपनीबद्दल मत बनवू नका.

नोंद लिहिताना कंपनीचं नाव शेवटी लिहा. आधी मॉडेल, लॉफ्ट, शाफ्ट, लांबी, महिना, कोर्स, बॉल, मग पसारा. दोन क्लबच्या पसाऱ्यात पाच यार्डांहून कमी फरक असेल, तर कंपनीच्या नावाचा रकाना रिकामा ठेवा, जुनाच क्लब बॅगेत राहू द्या आणि जमीन बदलली की हीच चाचणी पुन्हा घ्या.