रक्तवाहिन्यांची त्रिमितीय प्रतिमा : या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांसाठी

भौतिकशास्त्र किंवा इलेक्ट्रॉनिक्स शिकून वैद्यकीय प्रतिमांच्या कामात येणारे विद्यार्थी बहुधा आधी विचारतात, की कोणते न्यूरल नेटवर्क शिकावे. मी त्यांना कच्ची प्रोजेक्शन, म्हणजे वेगवेगळ्या कोनांतून टिपलेली मूळ एक्स-रे चित्रे, पाहायला बसवतो. मेंदूच्या त्रिमितीय अँजिओग्राफीत सी-आर्म (इंग्रजी C आकाराचा, एक्स-रे यंत्र धरणारा हात) डोक्याभोवती सुमारे २०० अंशांतून काही सेकंदांत फिरतो आणि त्या फेरीत टिपलेल्या एक्स-रे चित्रांवरून संगणक रक्तवाहिन्यांची घनाकृती उभी करतो. यामागची फेल्डकँप, डेव्हिस आणि क्रेस यांची १९८४ सालची पद्धत स्वतः प्रोग्राम लिहून एकदा तरी चालवावी; आरटीके किंवा टायग्रे ही अशा प्रतिमा उभारणारी मुक्त सॉफ्टवेअर साधने त्यानंतर हाती घ्यावीत.

ही पद्धत असे धरून चालते, की फेरी पूर्ण होईपर्यंत समोरचे काहीही बदलत नाही. प्रत्यक्षात डाय (वाहिन्या एक्स-रेत उठून दिसाव्यात म्हणून रक्तात सोडलेले द्रव्य) उशिरा सोडला गेला तर पहिल्या चित्रांत फांद्या अर्धवटच भरलेल्या असतात आणि त्याचे पट्टे पुढे घनाकृतीत उमटतात. डायविना घेतलेली मास्कची फेरी आणि डायसह घेतलेली फेरी यांच्या दरम्यान रुग्णाने नुसता आवंढा गिळला, तरी दुसरीतून पहिली वजा केल्यावर कवटीच्या कडा दुहेरी दिसू शकतात. सी-आर्मचा जड हात फिरताना किंचित झुकतो, म्हणून मणी बसवलेल्या फॅन्टमवर (रुग्णाऐवजी ठेवायच्या चाचणी-वस्तूवर) भूमितीचे कॅलिब्रेशन करावे लागते. ते जुने झाले असेल, तर सर्वांत बारीक वाहिन्या आधी पुसट होतात. हालचाल भरून काढणारे अल्गोरिदम आहेत, पण बिघाड नेमका कुठला हे ओळखता आल्यावरच त्यांचा उपयोग.

थ्रेशोल्डबाबत, म्हणजे किती उजळ बिंदूपासून पुढे रक्तवाहिनी मानायची त्या मर्यादेबाबत, मी अधिक कडक आहे. तो वाढवला की अन्युरिझमची (वाहिनीच्या भिंतीला आलेल्या फुग्याची) मान, म्हणजे फुगा वाहिनीला जोडला जातो ते तोंड, अरुंद भासते आणि लहान फांद्या नाहीशा होतात. कमी केला की शेजारच्या दोन वाहिन्या एकमेकींना चिकटतात. फुग्यात भरायची तारेची कॉइल की वाहिनीत बसवायचा जाळीदार स्टेंट, हा निर्णय घेताना डॉक्टर याच मानेचे माप पाहतात, त्यामुळे 'चित्र सुधारले' असा दावा करणाऱ्याने देखणी रंगीत आकृती दाखवण्याऐवजी ज्ञात व्यासाच्या नळ्यांच्या फॅन्टमवरील मोजमापे ठेवावीत.

रुग्णालयात मेडिकल फिजिसिस्ट व्हायचे असेल, तर मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राची रेडिऑलॉजिकल फिजिक्समधील पदविका हा प्रस्थापित मार्ग आहे. सॉफ्टवेअरकडे वळणाऱ्यांनीही परवानगी काढून, शिशाचा एप्रन घालून कॅथलॅबमध्ये (अँजिओग्राफी होते त्या खोलीत) काही दिवस उभे राहावे आणि डाय सोडणाऱ्या इंजेक्टरचा वेग व विलंब तंत्रज्ञ कशावरून ठरवतात हे त्यांनाच विचारावे.