हेडरची गळती काढताना या चुका टाळा

सकाळी गाडी सुरू केली की बॉनेटखालून टिक् टिक् आवाज येतो आणि थोडं अंतर चाललं की तो विरतो. एवढ्यावरून कितीतरी लोक टॅपेट सेटिंग (व्हॉल्व्हची फट जुळवणं) करून घेतात. पैसे जातात, आवाज तिथंच राहतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड किंवा हेडर, म्हणजे इंजिनातला धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणारा पाइपांचा जुडगा, जिथं सिलेंडर हेडला (इंजिनच्या वरच्या भागाला) बसतो, तिथली गळती अशीच वागते. इंजिन तापलं की धातू फुगतो आणि फट मिटते.

आधी गळती नक्की करा, मगच पाना उचला. इंजिन पूर्ण थंड असताना व्हॅक्यूम क्लीनरची उलटी हवा सायलेन्सरच्या तोंडातून आत सोडा, भोवती चिंधी गुंडाळा आणि जोडावर साबणाचं पाणी मारा. गळती असेल तिथं बुडबुडे येतात. जोडातल्या पॅकिंगच्या (गॅस्केटच्या) कडेला काजळीचा काळा पट्टा दिसत असेल तर तोही पुरावाच. चालू इंजिनवर हात फिरवून हवा शोधू नका, भाजतं.

आता माझा सगळ्यात जास्त जीव जाळणारा प्रकार, गंजलेल्या स्टडवर, म्हणजे हेडमध्ये बसवलेल्या, नट लागणाऱ्या आट्यांच्या दांड्यावर, जोर लावणं. माझं गॅरेज कोल्हापुरात. मालवण-देवगडकडच्या गाड्या येतात, त्यांचे स्टड खाऱ्या हवेनं पार गंजलेले असतात. गेल्या पावसाळ्यात तिकडचा एक मुलगा गाडी टो करून घेऊन आला. हेडर घरीच काढायला घेतला होता. नट हलेना म्हणून रिंग पान्याला लांब पाइप लावून ओढलं आणि दोन्ही टोकांचे स्टड हेडच्या पृष्ठभागाला लागूनच तुटले. टोकांचे स्टड आधीच दमलेले असतात. मॅनिफोल्ड तापून लांबीत वाढतो, ती ओढ सगळ्यात जास्त टोकांना बसते.

इथं थांबला असता तरी काम सोपं होतं. पण त्यानं तुटलेल्या स्टडला भोक पाडून ईझी-आउट (तुटलेला स्टड उलटा फिरवून काढायचं हत्यार) घातला, तोही आत मोडला. ‘‘काका, ड्रिल मारून निघेल ना?’’ नाही निघत. ईझी-आउट कडक पोलादाचा असतो, साधं ड्रिल त्यावरून घसरतं आणि शेजारचं मऊ ॲल्युमिनियम खातं. हेड उतरवावं लागलं, उद्यमनगरात स्पार्क इरोजनवाल्याकडून तो तुकडा विजेच्या ठिणग्यांनी जाळून काढला, आटे नव्यानं बसवले. एका पॅकिंगच्या कामाचं हेडचं काम झालं, केवळ संध्याकाळपर्यंत गाडी हवी होती म्हणून.

माझी पद्धत अशी. आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारायचा, सकाळी पुन्हा. नट आधी किंचित घट्ट करायचा, मग सैल करायचा, पुन्हा थोडा मागे. आट्यांतला गंज असा पुढे-मागे करतच मोकळा होतो. पाना फिरतोय पण नट जागचा हलत नाही, हाताला रबरासारखं लागतंय, तर स्टड पिळतोय. तिथल्या तिथं थांबा. मग नट गॅसच्या ज्योतीनं तापवायचा, पण पेट्रोलचा पाइप आणि वायरिंग बाजूला केल्याशिवाय ज्योत पेटवायची नाही. तरीही तुटलाच, तर उरलेल्या टोकावर नट वेल्ड करायचा, निवू द्यायचा आणि मग फिरवायचा. वेल्डिंगच्या उष्णतेनं आतली पकड सुटते. वेल्डिंगआधी बॅटरीची वायर काढा.

दुसरा प्रकार म्हणजे जोड बुजवायला पॅकिंगला फासलेली लाल सिलिकॉनची ट्यूब. पेट्रोल इंजिनात जोर पडला की पोर्टपाशी (हेडमधून धूर बाहेर पडतो त्या तोंडापाशी) वायूचं तापमान ७०० अंश सेल्सिअसच्या वर जातं. त्या ट्यूबची मजल साधारण ३०० अंशांच्या आसपास. ती जळून पावडर होते, वर पॅकिंग तिच्यावरून सरकतं आणि सिलिकॉनच्या वाफेनं धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सरही खराब होऊ शकतो. पॅकिंग बसत नसेल तर कारण शोधा. जोडाचे दोन्ही सपाट फेस खरवडून साफ करा, स्ट्रेट एज (अचूक सरळ पट्टी) ठेवा, खालून फिलर गेज (फट मोजायची पातळ पाती) सरकवून पाहा. मॅन्युअलमधल्या मर्यादेपेक्षा जास्त वाक असेल तर सरफेस ग्राइंडिंग करून घ्या. वाकलेला फ्लँज (हेडरची हेडला बसणारी सपाट पट्टी) नट आवळून सरळ होत नाही, स्टड मात्र तुटतो.

बिडाच्या मॅनिफोल्डला तडा असेल तर साधी वेल्डिंग टिकत नाही. निकेल रॉड, आधी तापवणं, सावकाश निववणं एवढं करणारा माणूस मिळाला तरच करा, नाहीतर बदला.

जुनं पॅकिंग परत वापरू नका.

मधल्या नटांपासून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, तीन टप्प्यांत आवळा. ८ एमएमच्या स्टडला बहुतेक २० ते २५ न्यूटन-मीटर लागतात, पण आकडा तुमच्या इंजिनच्या मॅन्युअलचाच घ्या आणि टॉर्क रेंच (किती जोरानं आवळलं ते मोजणारा पाना) वापरा. ‘माझ्या हाताला अंदाज आहे’ हे मला पटत नाही. गाडी काही वेळा तापून निवली की थंड इंजिनवर नट पुन्हा तपासा.

‘नुसता आवाजच आहे, चालू दे’ असंही म्हणू नका. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी गळती असेल तर धुराच्या झटक्यांच्या मधल्या वेळात बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पेट्रोल वाढवतो. ॲव्हरेज पडतं. आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. गाडीत डोकं दुखायला लागलं तर काचा उघडा, इंजिन बंद करा, बाहेर पडा. बंद गॅरेजमध्ये ही गाडी चालू ठेवून बसू नका.

पॅकिंग बदलून महिन्याभरात पुन्हा गळती सुरू झाली, तर हेडरला दोष देण्याआधी गाडीखाली जा. सायलेन्सर टांगून धरणारे हँगर रबर तुटले असतील किंवा इंजिन माउंटिंग बसलं असेल, तर मागच्या पाइपचं वजन हेडरच्या फ्लँजवर लटकतं आणि प्रत्येक खड्ड्यात जोड ओढला जातो. ते रबर स्वस्त असतं. मी पॅकिंग मागवतानाच तेही मागवतो.